परदेशातून रिटायर होऊन पुण्यात राहायला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, दुबई, कुठेही आयुष्याची नोकरीची वर्षं काढून पुण्यात परत येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, आणि ते पैशाचे कमी, रोजच्या कामांचे जास्त असतात. आम्ही दोघं न्यूजर्सीहून परत येऊन कोथरूडला राहतो, आता ओळखीतल्या कोणी परत यायचं ठरवलं की फोन आमच्याकडे येतो, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय. पहिलं वर्ष जड जातं हे खरंय. पण ते का जड जातं हे आधी माहीत असेल तर बराच मनस्ताप वाचतो असं मला मनापासून वाटतं.

इथे प्रत्येक कामाला इतका वेळ का लागतो?

प्रत्येक कामाला नाही लागत, आणि हे आधी लक्षात घ्या. सकाळी सातला माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाईलवर येतो, औषधं घरपोच येतात, स्पेशालिस्ट डॉक्टर बऱ्याचदा त्याच आठवड्यात भेटतो, भाजीवाल्यालाही यूपीआयने पैसे जातात. तिकडे स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत किती थांबायचो ते आठवा.

वेळ लागतो तो दोन ठिकाणी, एक जिथे कागद आहे तिथे आणि दुसरं जिथे एकट्या माणसाचं काम आहे तिथे. तिकडे नळ गळला तर आपण कंपनीला फोन करायचो आणि माणूस पाठवायची जबाबदारी कंपनीची असायची. इथे तुम्ही थेट प्लंबरला फोन करता. त्याच्यामागे ऑफिस नाही, वेळापत्रक सांभाळणारं कोणी नाही, त्या दिवशी त्याने चार जणांना हो म्हटलेलं असतं कारण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं, मग पहिल्याच घरी भिंत फोडायला लागली की उरलेले तिघं ताटकळत बसतात, शिवाय लागणारा पार्ट आणायला दुकानात पण तोच जातो आणि मध्य पुण्यात एक ते चार अजूनही कितीतरी दुकानं बंद असतात. तो तुमचा अपमान करत नसतो, त्याचा दिवसच तसा चालतो.

यावर उपाय आहेत. सकाळी नऊच्या आत फोन करा, तेव्हा त्याचा दिवस ठरत असतो. "कधी येणार?" असं विचारू नका, "आत्ता कुठे आहात, तिथलं किती वेळात आटपेल?" असं विचारा, उत्तर खरं मिळतं. गळणाऱ्या नळाचा, जळलेल्या स्विचचा फोटो आधीच व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे तो पार्ट घेऊनच येईल. काम झालं की त्याच दिवशी पूर्ण पैसे द्या, पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका, चहा विचारा आणि पुढच्या वेळी परत त्यालाच बोलवा. वायरमन, सुतार, प्लंबर, रिक्षावाला, गल्लीतला मेडिकलवाला असे पाच-सहा पक्के नंबर जमले की तुमची निम्मी कटकट संपली. ॲपवरून बोलावलेला माणूस वेळेवर येतो हे मान्य, पण रात्री दहाला पाण्याची मोटर बंद पडली तर धावून येणारा हा ओळखीचाच असतो.

आवाज चढवला की काम लवकर होतं असं ऐकलंय, खरंय का?

नाही. त्या दिवशी होईल कदाचित, पुढच्या वेळी तुमचा फोन उचलला जाणार नाही. शांतपणे, नाव घेऊन, दादा-ताई म्हणून बोला आणि पाठपुरावा मात्र सोडू नका. रोज एक साधा फोन रागावून केलेल्या एका फोनपेक्षा जास्त काम करतो.

सरकारी ऑफिसमध्ये हेलपाटे मारून थकलो, काही कायदा आहे की नाही?

आहे, आणि परत आलेल्या बहुतेकांना तो माहीतच नसतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरवून दिलीये, ती सेवा कोणी द्यायची तो पदनिर्देशित अधिकारी ठरवून दिलाय, मुदतीत काम झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं अपील आणि त्यानंतर थेट राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. ऑफिसमध्ये सेवा, मुदत आणि अधिकारी यांचा बोर्ड लावायचा असतो, आत गेल्यावर आधी तो बोर्ड शोधा. बरेच अर्ज आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या होतात आणि तिथे अर्जाचा नंबर मिळतो. हा नंबर फार महत्त्वाचा. काउंटरवर "माझं काम अडकलंय" म्हणण्यापेक्षा "अमुक नंबरचा अर्ज, अमुक तारखेला मुदत संपली" म्हटलं की समोरचा माणूस फाईल शोधायला उठतो.

एका दिवशी एकच ऑफिस ठेवा. सकाळी उघडताना जा, ओरिजिनल आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, पासपोर्ट साईज फोटो, पेन, पाण्याची बाटली. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव आणि टेबल वहीत लिहून ठेवा.

कोणी पैसे मागितले तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. आपलं वय झालं, किती खेपा घालायच्या, देऊन टाकू, असं वाटतं हे मला कळतं, पण आपण डॉलरवाले म्हणून दिले की पुढच्या पेन्शनर आजोबांकडेही तेवढेच मागतात.

बँकेत दर वेळी नवीन कागद मागतात. काय करू?

कागदांची यादी लेखी मागा, ईमेलवर. तोंडी सांगितलेली यादी माणूस बदलला की बदलते. परत आल्यावर एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासींचं खातं) निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं, एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव) मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, आणि परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं असतं. काउंटरवरच्या नवीन मुलांना आरएफसी बऱ्याचदा माहीत नसतं, तेव्हा थेट मॅनेजरला भेटा. तक्रार लेखी दिली आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाईन आणि फुकट, चौकशीचा नंबर १४४४८.

आणि दुसऱ्या, चौथ्या शनिवारी बँक बंद असते.

पासपोर्टवर एक नाव, पॅनवर दुसरं, फ्लॅटच्या कागदांवर तिसरंच. हे निस्तरायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो, बायकांचा तर विशेष. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, तिकडे मधलं नाव गाळलेलं किंवा नुसतं एक अक्षर उरलेलं, आणि १९८५ साली घेतलेल्या फ्लॅटच्या करारनाम्यावर आडनाव आधी. इथे कॉम्प्युटर अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. एक नाव पक्कं ठरवा, शक्यतो सध्याच्या पासपोर्टवरचं, आणि पॅन, आधार, बँक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराचं बिल, लाईट बिल असं एकेक करून सगळं त्यावर आणा. मधल्या काळासाठी ही सगळी नावं माझीच आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा. लग्नाचं सर्टिफिकेट नसेल तर ते आधी काढायला घ्या, बाकीचं बरंच त्यावर अवलंबून असतं. शक्य असेल तर यातलं जेवढं होईल तेवढं परत यायच्या आधीच्या सुट्टीतच सुरू करून टाका.

आधार मिळतं का? ओसीआय असून?

ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड. ते असलं तरी आधार मिळतं, पण मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. पहिले सहा महिने आधारशिवाय काढायची तयारी ठेवा, या काळात पॅन, ओसीआय आणि पासपोर्ट हेच तुमचे कागद. सिमकार्ड आणि गॅस कनेक्शन यासाठी वेळ लागेल, ते धरून चाला.

ओसीआय कार्ड आहे म्हणजे सगळे हक्क आहेत ना?

राहायला आणि यायला-जायला हो, आयुष्यभर, पोलिसांकडे नोंदणीची पण गरज नाही. मतदान नाही. शेतजमीन, फार्महाऊस, मळे विकत घेता येत नाहीत, वारसाने आलेली जमीन चालते. मुळशीला किंवा पानशेतला "फार्महाऊस प्लॉट" दाखवणारे लोक तुम्हाला भेटणारच, तेव्हा इसार देण्याआधी सातबारा वकिलाला दाखवा, एजंटच्या ओळखीच्या नाही तर आपल्या वकिलाला. आणि ५० वर्षांनंतर नवीन पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांत एकदा तो ओसीआयच्या वेबसाईटवर अपलोड करायचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात.

पाणी आणि लाईट यांचं वेळापत्रक असतं का?

पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. दुरुस्तीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते तेव्हा तो वार बहुतेक गुरुवार असतो आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने येतं. आदल्या दिवशीच्या पेपरात भागांची यादी येते, सोसायटीच्या ग्रुपवर पण येते. बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवायच्या, एवढंच. उपनगरांतल्या नवीन सोसायट्यांमध्ये मात्र टँकरवर किती भिस्त आहे ते घर घ्यायच्या आधी विचारा, आणि बिल्डरला नाही, तिथे राहणाऱ्या माणसाला विचारा, उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर लागतात ते. पिण्याचं पाणी फिल्टर करून किंवा उकळूनच. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडले तेव्हा पाण्याकडेच सगळ्यांचं लक्ष गेलं होतं, आणि आपल्या वयात पोट बिघडणं साधं नसतं.

लाईट गेली तर महावितरणचा नंबर १९१२.

तिकडचा मिक्सर, कॉफी मशीन आणू का?

अमेरिकेतून नको. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. ट्रान्सफॉर्मर लावून मिक्सर चालवण्यात अर्थ नाही, इथे चांगले मिळतात. इंग्लंडचं चालतं, प्लग बदला.

कामं कोणत्या दिवसांत काढू नयेत?

हे कोणी सांगत नाही म्हणून नीट सांगते. मार्चचा शेवट आणि १ एप्रिल बँकेसाठी सोडून द्या. एप्रिल-मे मध्ये लग्नसराई आणि गावच्या जत्रा, घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, माळी सगळे गावाला. रंगारी आणि सुतार बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे असतात, ते होळीला किंवा दिवाळी-छठला गावी गेले की तीन आठवडे धरून चला. आषाढी वारीच्या वेळी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते बंद. गणपतीचे दिवस तर पेठांमध्ये गाडीने जायचा विचारच करू नका, पायी जा आणि डोळे भरून बघून या, इतकी वर्षं लांब राहून तेच तर राहून गेलं होतं.

घराचं रंगकाम, फर्निचर काढायचं असेल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ चांगला. परत यायची तारीख तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबरमध्ये या. एप्रिलच्या उन्हात सामान लावणं आणि ऑफिसं फिरणं दोन्ही एकदम झेपत नाही.

घरात कामाला माणसं ठेवायची सवयच राहिली नाही. कसं वागायचं?

माणसासारखं. पगार आणि कामं पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवा, शेजारी काय देतात ते विचारून घ्या, महिन्याच्या सुट्ट्या किती तेही ठरवा. दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस देतात, वॉचमन, कचरावाले, पेपरवाला यांना पोस्त. मावशी न सांगता आल्या नाहीत म्हणून फार मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या घरी आजारी पडणारं माणूस असतं, मुलांच्या शाळा असतात आणि पगार कापतील म्हणून आधी सांगायची भीती असते. "सुट्टीचा पैसा कापणार नाही पण आदल्या रात्री फोन करा" असं सांगून बघा, फरक पडतो. रात्रंदिवस राहणारा मदतनीस ठेवत असाल तर पोलीस व्हेरिफिकेशन नक्की करा.

तब्येतीचं काय? तिकडचा इन्शुरन्स चालतो का?

अमेरिकेचं मेडिकेअर (तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) साधारणपणे अमेरिकेबाहेर चालत नाही. त्यातलं पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सोडायचं का हा निर्णय विचार करून घ्या, कारण सोडून पुन्हा घेतलं तर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो दंड बहुतेक कायमचा राहतो. इथे १ एप्रिल २०२४ पासून नवीन आरोग्य विमा घ्यायला ६५ ची वयोमर्यादा राहिलेली नाही, आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. ६० वर्षांवरच्यांचा हप्ता कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी बोलावं लागतं. हप्ता तरी महागच पडतो. पण तीन वर्षांचा तो काळ लवकर सुरू व्हावा म्हणून परत यायच्या आधीच पॉलिसी घेता येते का ते विचारा. बीपी, शुगर, स्टेंट काहीही लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच अडवतात.

औषधांची यादी करताना ब्रँड नाही, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. तिकडचं टायलेनॉल म्हणजे इथलं पॅरासिटामॉल, मेडिकलवाल्याला टायलेनॉल कळेलच असं नाही. आणि मोठ्या हॉस्पिटलच्या जोडीला घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर धरा, जो तुम्हाला नावाने ओळखेल. रात्री ताप चढला तर दीनानाथ, रूबी, सह्याद्रीच्या इमर्जन्सीत जायचं की सकाळपर्यंत थांबायचं हे फोनवर सांगणारा माणूस पाहिजे. ॲम्ब्युलन्स १०८, बाकी कुठल्याही संकटात ११२, ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७. हे नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा.

पेन्शन आणि टॅक्स?

थोडक्यात सांगते, बाकी दोन्ही देशांचं कळणाऱ्या सीएला विचारा, एका देशाचं कळणारा पुरत नाही. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवस किंवा कमी भारतात असाल, तर सुरुवातीची दोनेक वर्षं आरएनओआर दर्जा (निवासी, पण सामान्य निवासी नाही) मिळू शकतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे इथे टॅक्स लागत नाही. अमेरिकन सोशल सिक्युरिटी भारतात राहून मिळते आणि भारत-अमेरिका कर करारानुसार तिच्यावर टॅक्स अमेरिकेतच. अमेरिकन नागरिक असाल तर तिकडचं रिटर्न दरवर्षी भरायचंच, आणि अमेरिकेबाहेरच्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं तर एफबार (त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) पण. इंग्लंडवाल्यांनी लक्षात घ्या, भारतात राहायला आलं की ब्रिटिश स्टेट पेन्शनची वार्षिक वाढ थांबते. कॅनडाची ओएएस (तिथली सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) देशाबाहेर चालू राहायला १८ व्या वर्षानंतर तिथे २० वर्षं राहिलेलं असावं लागतं.

सोशल सिक्युरिटीचं एक पत्र येतं, तुम्ही हयात आहात का विचारणारा ७१६२ नंबरचा फॉर्म. तो भरून पाठवला नाही तर पेन्शन थांबू शकते. तो पोस्टाने येतो, म्हणून पोस्टमनशी ओळख ठेवा आणि दारावर पासपोर्टवरचं नाव इंग्रजी अक्षरात लावा. तिकडचं एक बँक खातं आणि तिकडचा फोन नंबर चालू ठेवा, कारण ओटीपी तिकडच्याच नंबरवर येतो आणि नंबर गेला की स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही.

गाडी चालवू का?

माझं मत, शक्यतो नको. मेट्रो वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट आहे, रिक्षा ॲपवर मिळते, महिन्यातून काही वेळा ड्रायव्हर बोलावणं गाडी सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडतं. तरी चालवायचीच असेल तर इंटरनॅशनल परमिट एक वर्ष चालतं, त्यानंतर इथलं लायसन्स, ४० च्या वर असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि ५५ नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. रस्ता ओलांडायची भीती वाटते असं सगळेच म्हणतात. सिग्नलला, चार जणांच्या सोबत, हात दाखवून, न पळता ओलांडा.

माझ्या वयाचे जुने मित्र उरले नाहीत, मुलं तिकडे. दिवस जात नाही.

हा प्रश्न बहुतेक शेवटी, फोन ठेवता ठेवता विचारतात, आणि खरं तर हाच पहिला असतो. आपण ज्या पुण्याची आठवण काढत होतो ते पुणे सायकलींचं होतं, ते आता नाही. त्याचं वाईट वाटतं, वाटू द्या. पण माणसं आहेत. जवळजवळ प्रत्येक भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, वर्गणी नाममात्र असते, वाढदिवस, सहली, व्याख्यानं असतात. सकाळी वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, सारसबाग कुठेही रोज एकाच वेळी जा, आठवड्याभरात लोक हात करायला लागतात आणि महिन्याभरात तुम्ही आला नाहीत तर फोन करतात. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, वर्षभर बालगंधर्व आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात नाटकं. काहीतरी शिकवा, वस्तीतल्या मुलांना इंग्रजी किंवा गणित शिकवायला माणसं कायम हवी असतात.

एक विनंती, तिथे बसून सारखं "आमच्याकडे अमेरिकेत" असं सुरू करू नका. लोक ऐकून घेतात, पण मग मनातलं बोलत नाहीत.

मुलांचा फोन न्यूयॉर्कहून असेल तर साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, कॅलिफोर्निया साडेबारा-साडेतेरा. रविवारी सकाळची वेळ ठरवून टाका, म्हणजे तिकडे शनिवार संध्याकाळ असते आणि नातवंडं जागी असतात.

जमलंच नाही तर परत जाता येईल का?

नागरिक असाल तर कधीही. ग्रीन कार्ड असेल तर जपून, एका वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर निघायच्या आधी अमेरिकेतच असताना री-एन्ट्री परमिटचा अर्ज करा, ते साधारण दोन वर्षांपर्यंत चालतं. तिकडचं घर पहिल्या वर्षी विकू नका, भाड्याने द्या. आणि परत जायचं की नाही हे मे महिन्यात ठरवू नका, एक गणपती, एक दिवाळी आणि एक हिवाळा इथे काढा, मग दोघांनी बसून ठरवा. नवऱ्याला राहायचंय आणि बायकोला जायचंय, किंवा उलट, अशी जोडपी मी पाहिलीत, त्यांनी सहा महिने इथे आणि सहा महिने तिकडे असं केलं आणि त्यांचं छान चाललंय. फक्त तसं करताना दोन्हीकडच्या दिवसांचा हिशोब वहीत लिहून ठेवा, टॅक्सवाला पहिल्यांदा तोच मागतो.